झुंबरचा दात

१ सप्टेंबर, सोमवार

आख्खा दिवस तोंड उघडलं नाही. हजेरीला नुसता हात वर केला. बाई म्हणाल्या, "आवाज नाही का गं तुला?" आहे! भरपूर आहे! पण आवाजाच्या आधी दात दिसतात, त्याला मी काय करू?

जुन्या शाळेत माझ्या पुढच्या दोन दातांमधल्या फटीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. दुधाचे दात त्यांच्यासमोर पडले, नवे त्यांच्यासमोर आले, येताना फट घेऊनच आले. सगळ्यांच्या सवयीची होती ती. इथे मात्र नववीच्या भरल्या वर्गात मी एकदम, फटीसकट, जाऊन उभी राहिले.

मधल्या सुट्टीत विसरले आणि हसले. एका मुलाची पँट बाकाच्या खिळ्याला अडकून टर्रकन फाटली, कोण नाही हसणार? तर मागच्या बाकावरून भोंगा वाजल्यासारखा एक आवाज — "अरे, खिडकी उघडली!"

झालं. नाव पडलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

"खिडकी लावून घे, वारा येतोय." "खिडकीतून काय काय दिसतं गं?" वा! काय पण विनोद. आख्खा वर्ग दात काढत होता. सरळ दात!

मागच्या बाकावरच्या त्या मुलाचं नाव आता माझ्यापुरतं भोंगा. फिट्टंफाट.

५ सप्टेंबर, शुक्रवार

घरात कुणी नाही, जरा नीट लिहिते.

घर म्हणजे खाली एक खोली आणि वर दोन. खालची बाबांची. बाबा दात करतात. डॉक्टर नाहीत ते — डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात, बाबा त्यात प्लास्टर ओततात, मग त्या पांढऱ्या जबड्यावर मेण, मेणात दात, आणि शेवटी टाळूला बसणारी गुलाबी पट्टी. इथल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी सगळं काम बाबांनाच द्यायचं कबूल केलं, म्हणून आम्ही इकडे राहायला आलो. म्हणजे लोकांना दात हवेत म्हणून माझे दात उघडे पडले!

आणि गंमत अशी की फट बाबांचीच आहे. हीच, एवढीच. दिवसभर दुसऱ्यांचे दात ओळीत लावणारा माणूस स्वतः हसला की मध्ये दार उघडं. दादाला मात्र आईचे दात मिळाले. त्याला गरज काय होती? तो हसतो कधी? सारखी मान मोबाईलमध्ये! वाटणी करताना मला कुणी विचारलंच नाही.

आईला तसं म्हटलंही. ती बेकरीतून दमून आली होती, पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "बाबांची आठवण आहे ती तुझ्याकडे." मी म्हटलं, "बाबा खालीच बसलेत, आठवण कशाला हवी?"

८ सप्टेंबर, सोमवार

माझ्या पुढच्या बाकावर, जरा तिरकी, एक मुलगी बसते. तिचं नाव इथे लिहिणार नाही. तिला झुंबर म्हणायचं. कारण ती हसली की कुणीतरी दिवे लावल्यासारखं होतं आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतात. बाईंचीसुद्धा!

हसताना ती मान जराशी डावीकडे कलवते. इतकं छान दिसतं ते! वरचा पुढचा एक दात किंचित फिरलेला आहे, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असल्यासारखा. खालच्या एकाचा कोपरा उडालाय. बाकीचे शहाण्या मुलांसारखे ओळीत. दात करणाऱ्याची मुलगी आहे मी, मला कळतं.

घरी आरशासमोर मान कलवून बघितली. मान आखडल्यासारखी दिसते.

११ सप्टेंबर, गुरुवार

भूमितीच्या तासाला झुंबरनं आपणहून मला तिचा कंपास दिला. वर म्हणाली, "राहू दे गं तुझ्याकडे, माझ्याकडे दुसरा आहे." असं गोड बोलतात का कुणाशी? खडूस असती तर किती सोपं झालं असतं. आता राग करायचा म्हटलं तर कशावरून करायचा?

करतेच तरी.

१७ सप्टेंबर, बुधवार

ढमीचा फोन! ढमी म्हणजे जुन्या शाळेतली माझी जिवलग, बालवाडीपासून एका बाकावरची. इतकी खूश झाले की जिन्यातच बसून बोलले.

माझ्या जागेवर आता एक नवी मुलगी बसते म्हणे. "खूप धमाल आहे गं ती, तुला पण आवडेल." मला का आवडावी? माझ्या बाकावर बसते ती! बाकाच्या कडेला मी कोरलेला ससा आहे, त्याच्यावर कोपर टेकून लिहीत असेल.

"मजा आहे तुझी," म्हटलं. आवाजात मध घालून. फोन ठेवल्यावर दादावर उगाचच खेकसले.

२४ सप्टेंबर, बुधवार

हसताना तोंडावर हात जायची सवयच लागली आहे. आपोआप जातो. आज जेवताना घरीसुद्धा गेला. बाबांनी बघितलं. भांडी विसळून झाल्यावर मीच खाली गेले आणि सांगून टाकलं, "मला फट बुजवायची आहे."

बाबा कुणाचा तरी जबडा ब्रशनं साफ करत होते. "बुजवता येते की," म्हणाले. "डॉक्टरबाई दोन्ही दातांना थोडं थोडं मटेरियल लावतील. एका बैठकीचं काम."

एका बैठकीचं! इतकं सोपं, आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही!

"मग तुम्ही का नाही केलंत?"

"राहूनच गेलं." जबड्यावर फुंकर मारली. "बाईंकडे वेळ मागतो. पण तू पक्कं ठरव हं. नंतर काढायचं झालं तर घासावं लागतं, ते काही बरं नाही."

पक्कं आहे. पक्कं म्हणजे अगदी पक्कं!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

१ नोव्हेंबर, सकाळी! मिळाली वेळ! भोंग्या, बघच आता तू.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज रडू आलं, पण शाळेत नाही रडले.

भाषेच्या तासाला नाटुकल्याचं वाचन होतं. भांडखोर घरमालकिणीची भूमिका — मला लगेच कळलं ती कशी वाचायची! जुन्या शाळेत असल्या भूमिका माझ्याच असायच्या. लोक पोट धरून हसायचे. बाईंनी मलाच उभं केलं. मी उभी राहिले आणि ओठ मिटून, पुटपुटत, वाण्याची यादी वाचावी तसं वाचलं. "अगं, तोंड उघडून वाच ना जरा!" पुन्हा प्रयत्न केला. मागून कुजबुज आली, "खिडकी जाम झालीये." बाई म्हणाल्या, "बस. झुंबर, तू वाच." (झुंबर म्हणाल्या नाहीत, उघड आहे.)

तिनं वाचलं. मान कलवून, हसत हसत. बरं वाचलं. माझ्यापेक्षा नाही! घरमालकीण इतकी गोड असते का कधी? पण टाळ्या तिला.

६ ऑक्टोबर, सोमवार

झुंबर आली नाही. उतारावर सायकल घसरली, तोंडावर आपटली म्हणे. पुढचा दात मुळातून गेला. मुली हळहळत होत्या, मीही "अरेरे" म्हणाले.

पण पहिल्यांदा काय वाटलं ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? बरं वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

खाली बाबांच्या टेबलावर नवा जबडा आलाय. साच्यांवर नाव नसतं, दवाखान्याचा नंबर असतो. बाबांचा नियमच आहे — "या खोलीत तोंडं येतात, माणसं येत नाहीत." म्हणजे कोणाचं काय, हे आपण ओळखायचं नाही आणि बाहेर बोलायचं तर मुळीच नाही.

पण मला एका नजरेत कळलं. खालच्या दाताचा उडालेला कोपरा! झुंबर! पांढरीफटक, प्लास्टरची. आणि वरचा तो फिरलेला दात — गायब. नुसती रिकामी जागा.

ज्या तोंडाकडे इतके दिवस चोरून बघत होते, ते आता माझ्या तळहातावर. फिरवून फिरवून बघितलं. बाबा म्हणाले, "सुरेख रचना आहे, नाही? असे कमी येतात हं." घ्या! प्लास्टरमध्येसुद्धा हिचं कौतुक! माझ्या दातांना बाबा आजवर कधी सुरेख म्हणाले नाहीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

करून बसले. काय केलं ते सगळं लिहिते.

संध्याकाळी खाली गेले तर बाबा वैतागलेले. तयार दातांच्या डब्यातून एकेक दात घेऊन मेणात लावून बघत होते. "जागाच कमी पडतेय. शेजारच्याच्या मापाचा दात सरळ बसतच नाही. दोन्ही बाजूंनी घासून बारीक करावा लागणार." डॉक्टरबाईंनी नेहमीसारखं एवढंच कळवलेलं — पुढचा एक दात, काढता-घालता, रंग अमुक. आधीचा कसा होता ते कुणी सांगितलंच नव्हतं.

मला माहीत होतं. तिच्या आरशाखालोखाल मलाच माहीत असणार! आणि एकदम डोळ्यांसमोर आलं — झुंबर शाळेत येणार, कोरा करकरीत सरळ दात घेऊन. आधीच ती तसली, त्यात आता एक खोटसुद्धा उरणार नाही. पडली तरी फायद्यात! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

"तो सरळ नव्हताच," मी म्हणाले. "फिरलेला होता. शेजारच्यावर थोडा चढलेला. म्हणून जागा कमी आहे."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुला काय माहीत?"

"माझ्या वर्गातली आहे ती."

नियम मोडला होता, पण बाबांच्या लक्षातच आलं नाही. इतके हरखले! मेण गरम केलं, दात किंचित फिरवला. मी सांगत गेले — अजून थोडा, नाही, एवढा नाही, आता खाली, बास. हळूहळू तो दात समोर उभा राहिला. तोच! बाबा जबडा दिव्याजवळ धरून बघत राहिले आणि म्हणाले, "नजर आहे हं तुला. माझ्याकडे नाही अशी."

यासाठी मी जीव टाकला असता एरवी. आज मान खाली घालून वर आले.

खोटं एक अक्षर बोलले नाही मी. पण का बोलले, ते मला माहीत आहे. वाकडाच राहू दे तिचा. मला कोण सरळ करायला आलं होतं?

१३ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरबाईंचा फोन आला होता. "हुबेहूब! कसं काय जमवलंत?" बाबांनी माझं नाव सांगून टाकलं. मुलीच्या आईला तर रडूच कोसळलं म्हणे आनंदानं. बाबा दिवसभर शीळ घालतायत. आईनं बेकरीतून केक आणला.

म्हणजे मी तिचं वाटोळं करायला गेले आणि तिला तिचा दात मिळवून दिला? आता सगळीकडे मीच चांगली ठरणार? केकचे मात्र दोन तुकडे खाल्ले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

झुंबर आली. सगळे तिच्याभोवती. ओठाला अजून सूज आहे. हसली फारशी नाही. दुखत असेल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मधल्या सुट्टीत झुंबर माझ्या बाकापाशी आली. "जरा बाहेर येतेस?" जिन्याखाली मोडक्या खुर्च्या ठेवतात तिथे गेलो. मला वाटलं, आता आभार मानणार. मी चेहरासुद्धा तयार ठेवला — त्यात काय एवढं, वगैरे.

"माझा दात तुझ्या बाबांनी केला ना?"

"हो."

"आणि कसा होता ते तू सांगितलंस. डॉक्टरबाई म्हणाल्या."

"हो." तयार चेहरा.

"का?"

हे विचारेल असं वाटलं नव्हतं. मग तीच बोलायला लागली, भराभर, कुणी ऐकू नये म्हणून हळू आवाजात. "दुसरीपासून मी त्या दाताला शिव्या देतेय, माहितीय तुला? त्या दिवशी पडले, तोंडात रक्त, हातात दात — आणि मनात पहिलं काय आलं सांगू? सुटले! डॉक्टरबाईंना मी म्हटलं होतं, नवा सरळ करा. त्या हो हो म्हणाल्या आणि विसरल्या. मग खुर्चीत बसवून आरसा दिला हातात. बघते तर तोच! परत! आणि आई शेजारी उभी राहून रडतेय, माझी बाळी पहिल्यासारखी झाली म्हणून. मी काय बोलणार होते, सांग ना?"

बोलता बोलता तिची मान डावीकडे कलली. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती मान छान दिसण्यासाठी नाही कलवत! तो दात पलीकडे जावा म्हणून कलवते! मी आरशासमोर उभी राहून जे शिकत होते ते तिचं लपणं होतं. माझा हात, तिची मान.

"तुला एवढं बारीक कसं माहीत पण?"

थाप मारता आली असती. नाही मारवली. "मी बघत असते तुझ्याकडे. जळते मी तुझ्यावर. तुझा दात सरळ होऊ नये म्हणून सांगितलं बाबांना."

चिडेल, रडेल, थोबाडीत मारेल — काहीच नाही. "माझ्यावर?" एवढंच म्हणाली. आणि वर्गात निघून गेली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ती माझ्याकडे बघत नाही. भोंगा म्हणाला, "खिडकी, आज पडदे ओढलेस वाटतं." त्याला उत्तर द्यायचंही त्राण नव्हतं.

आणि ढमीला फोन करून सांगावं म्हटलं, तर ती त्या धमाल मुलीबरोबर पोहायला गेलेली!

१९ ऑक्टोबर, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश पुसला, बाटलीला झाकण लावलं, स्टूल माझ्याकडे सरकवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चूक माझीही आहे," म्हणाले. "नियम माझा. तू माणूस घेऊन आलीस खोलीत, आणि मी हुरळलो. तिला विचारावं हे कुणाला सुचलंच नाही. ना बाईंना, ना मला."

"मी मुद्दाम केलं, बाबा."

"ते कळलं मला." मी रडत होते, त्यांनी रुमाल दिला, प्लास्टरनं पांढरा झालेला. "एवढी कशानं जळतेस गं?"

"तुम्ही तिच्या दातांना सुरेख म्हणालात." हे माझ्या तोंडून निघेल असं मलाच माहीत नव्हतं.

बाबा हसलेच. मोठ्यानं, दार सताड उघडून. "अगं वेडे, ते काम आहे माझं. तुझे दात मी कशाला तपासत बसू? तुझ्याकडे मी कामाच्या नजरेनं बघत नाही."

मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "दुसरा करून देऊ. बाईंशी मी बोलतो. तिला हवाय का ते तू विचारायचंस. तूच."

२० ऑक्टोबर, सोमवार

विचारलं. "हवाय," म्हणाली. एक शब्द. नंतर थोड्या वेळानं मागे वळून, "काका रागावले नाहीत ना तुझ्यावर?" असं विचारलं. ही मुलगी खडूस व्हायचं नावच घेत नाही!

२५ ऑक्टोबर, शनिवार

झुंबर आमच्याकडे आली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, आकार मुलीलाच ठरवू दे, तोंडात बसवायचं मी बघते. बाबांच्या खोलीत आजवर कधी पेशंट आला नव्हता. बाबांनी सकाळपासून टेबल पुसलं, जबड्यांवर फडकं टाकलं — "घाबरेल पोरगी" — आणि शर्ट बदलला.

ती घाबरली नाही. स्टुलावर बसून स्वतःच्या प्लास्टरच्या तोंडाकडे बघत राहिली. "ई! अशी दिसते मी आतून?"

बाबांनी मेणात सरळ दात लावला. "थोडा बारीक होईल हं, जागा कमी आहे."

"चालेल, काका."

मला राहवलं नाही. "पण तो जुनाच छान होता गं. खरंच. मला तोच आवडायचा सगळ्यात." आणि हे जळून बोलत नव्हते मी! मन लावून बघितलंय मी ते तोंड. त्यातलं लक्षात राहण्यासारखं तेवढंच होतं. बाकीचे दात काय, कुणाचेही असतात.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला आवडायला काय जातंय? तुझ्या तोंडात नव्हता तो."

बाबा मान खाली घालून मेण खरवडत राहिले. बरोबरच होतं तिचं.

आईनं वर बोलावलं, बिस्किटं दिली. दादानं मोबाईल खाली ठेवला! दादानं! केस सारखे केले! त्याच्यावर जळू की तिच्यावर, ठरवता येईना.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सरळ दात बसला. छान दिसतो. अगदी छान.

आणि वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही! एकाच्याही! भोंग्याच्यासुद्धा नाही, ज्याला सगळ्यांचं सगळं दिसतं. ती सकाळपासून वाट बघत होती, मला कळत होतं. प्रत्येकाशी जरा जास्तच हसून बोलत होती. कुणी म्हणालं, "सूज उतरली वाटतं." शेवटी मीच तिला खुणेनं सांगितलं, मस्त. ती खुलली.

मग विज्ञानाच्या तासाला सर काहीतरी बोलले आणि ती मनापासून हसली. दात सरळ झालाय, मान झाली नाही. गेली आपली डावीकडे, सवयीनं. आता लपवायला तिथे काही नाही, तरी.

मला जरा चुटपुट लागली. उगाच. तो दात माझा थोडाच होता?

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या. आईनं बेकरीत सुट्टी सांगितली आहे, सोबत येणार. बाबा म्हणाले, "काय, तयारी झाली?" मी हो म्हटलं.

गणित सोडवताना लक्षात आलं — अडलं की माझी जीभ फटीत जाऊन बसते. कधीपासून जाते कोण जाणे. उद्यापासून कुठे बसेल? हा काय प्रश्न आहे का? पण तो एकदा सुचला आणि मग एकही उदाहरण सुटेना.

झुंबरचा एवढा मोठा दात बदलला, कुणाला दिसलं नाही. माझी फट गेली तर कुणाला दिसेल? भोंगा दुसरं काहीतरी नाव ठेवेल. त्याची ती खोडच आहे. म्हणजे उरले मी. मला हवंय का?

काल विचारलं असतं तर लगेच हो म्हटलं असतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

खुर्ची मागे झुकली, डोळ्यांवर दिवा आला. डॉक्टरबाईंनी आरसा हातात दिला. "सांग, कसं हवंय तुला?" या वेळी अगदी आठवणीनं विचारलं त्यांनी!

मी आ करून बघितलं. इतकं जवळून आणि इतका वेळ मी माझं तोंड कधी बघितलंच नव्हतं. झुंबरचं पाठ होतं, माझं नाही! दोन दात, जरा फटकून उभे, भांडण झाल्यासारखे. बाबा हसतात ते दिसलं त्यात. सुरेख वगैरे काही नाही. पण माझं आहे, हे कळत होतं. दुसऱ्या कुणाचं म्हणून खपलं नसतं.

"राहू दे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की नाही. पण राहू दे. वाटलं तर येईन परत."

आई बाहेर मासिक चाळत बसली होती. एवढ्यात कशी आलीस म्हणून दचकली. माझा चेहरा बघितला, मग दात बघितले, आणि पर्स उचलली. घरी येईपर्यंत माझा हात धरून चालत होती. मी लहान आहे का आता? पण धरू दिला.

बाबांना सांगितलं तर "बरं" म्हणाले आणि कामाला लागले. नंतर बराच वेळ खालून शीळ ऐकू येत होती.

३ नोव्हेंबर, सोमवार

भोंगा फळ्यावर उत्तर लिहायला गेला, ऐटीत मागे सरकला आणि कचऱ्याच्या डब्यात बसला. मी हसले. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हात वहीवरच राहिला. तो डब्यातूनच ओरडला, "खिडकी, बंद कर!" मी म्हटलं, "नाही करत जा!" — आणि आख्खा वर्ग माझ्याबरोबर हसला.

पुढच्या बाकावरून झुंबर वळली होती. ती हसत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, आपण बघतोय हे कुणाला कळू नये अशी.

ती नजर मी कुठेही ओळखेन.